कृषिपंपाचा स्टार्टर आणि घरी जोडलेली ‘ऑटो’ पेटी : बिघाड कसा शोधाल?

सोयाबीन निघाले की वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत हरभरा आणि गव्हाची लगबग सुरू होते. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना, पाणी मिळालेच पाहिजे. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या सुरुवातीला आणि घाटे भरताना. नेमक्या याच दिवसांत थ्री फेजची पाळी रात्रीची असते, तुम्ही वावरात पोहोचता, हिरवे बटण दाबता आणि मोटर उचलत नाही. मेकॅनिक तालुक्याला, त्याच्याकडे आधीच चार मोटरी उघड्या पडलेल्या. दोन-तीन पाळ्या हातच्या जातात.

अशा वेळी पहिला संशय मोटरवर घेतला जातो आणि मोटर विहिरीतून वर काढली जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा मोटर ठीक असते आणि दोष स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटमध्ये, म्हणजे कॉन्टॅक्टरला ‘ओढ’ किंवा ‘सोड’ सांगणाऱ्या बारीक वायरिंगमध्ये असतो. हा दोष मल्टिमीटर घेऊन क्रमाने गेलात तर अर्ध्या तासात सापडतो.

पेटी उघडण्यापूर्वी

सिलेक्टर ‘ऑटो’वर असेल तर आधी ‘मॅन्युअल’वर आणा. लाइन गेलेली आहे म्हणून निर्धास्त होऊन पेटीत हात घालायचा, तेवढ्यात लाइन यायची आणि ऑटोने मोटर सुरू करायची, असे अपघात याच घाईत होतात. मेन स्विच बंद करा, तिन्ही किटकॅट काढा आणि खिशात ठेवा. पेटीवर ठेवले तर दुसरा कोणी तरी मदत म्हणून बसवून टाकतो. टेस्टर आधी चालू लाइनवर लावून पेटतो का ते बघा, मगच पेटीत तपासा. मेन स्विचच्या आत येणाऱ्या तारा किटकॅट काढल्यावरही जिवंतच असतात, हे विसरू नका.

पेटीला कपॅसिटर जोडलेला असेल तर तो लाइन बंद झाल्यावरही भरलेला राहू शकतो. काही मिनिटे थांबा आणि मग दोन साधे बल्ब एकामागोमाग जोडून त्यांच्या तारा कपॅसिटरच्या टोकांना लावून तो रिकामा करा. एकच बल्ब ४१५ व्होल्टला फुटू शकतो. तीन टोके असतील तर तिन्ही जोड्यांना हेच करा.

पाय कोरडे, चप्पल रबरी, आणि एकटे काम करू नका. पेटीत पाली, मुंग्या, गांधीलमाश्यांची घरटी हमखास असतात. कॉन्टॅक्टरच्या पॉइंटमध्ये चिरडलेली पाल हा बिघाड हसण्यासारखा वाटतो, पण तो वारंवार दिसतो.

तिन्ही फेज खरेच आहेत का?

हे टेस्टरने ठरवू नका. एक फेज गेलेला असताना मोटर फिरत राहिली तर तीच मोटर गेलेल्या फेजच्या तारेत उलटा दाब तयार करते आणि टेस्टर तिन्ही तारांवर पेटतो. शेजाऱ्याची मोटर किंवा कपॅसिटरही अशी फसवणूक करू शकतो.

मल्टिमीटर एसी ७५० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवून आर-वाय, वाय-बी आणि आर-बी अशी तीन मापे घ्या. तिन्ही ४१५ च्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ हवीत. ११ केव्हीच्या बाजूचा एक डीओ गेलेला असेल तर मोटरी बंद असताना दोन मापे साधारण ३४५ च्या आसपास आणि तिसरे जवळजवळ शून्य येते. घरातले काही बल्ब तेव्हा मिणमिणतात. हा बिघाड तुमच्या पेटीत नाही. डीपीवर चढू नका, १९१२ वर किंवा तुमच्या लाइनमनकडे तक्रार करा. खांबापासून मीटरपर्यंतचे काम महावितरणचे, मीटरनंतरचे तुमचे.

माळ कुठे तुटली?

कंट्रोल सर्किट ही एक माळ आहे. एका फेजवरून निघालेली तार फ्यूजमधून लाल बटणात जाते, तिथून हिरव्या बटणात, मग कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये, ओव्हरलोड रिलेच्या पॉइंटमधून आणि सिंगल फेज प्रिव्हेंटरच्या पॉइंटमधून दुसऱ्या फेजवर संपते. कंपनीप्रमाणे मण्यांचा क्रम बदलतो, तत्त्व तेच. एकही मणी सुटला की कॉइल ओढत नाही.

किटकॅट काढलेले असताना मीटर कंटिन्युइटीवर लावा आणि मणी एकेक तपासा. लाल बटण न दाबता मीटर वाजला पाहिजे, दाबल्यावर बंद झाला पाहिजे. हिरव्याचे उलट. ओव्हरलोडचा बंद पॉइंट, नव्या रिलेवर ९५ आणि ९६ असे लिहिलेला, वाजलाच पाहिजे. वाजत नसेल तर रिले ट्रिप झालेला आहे, दोन-तीन मिनिटे थंड होऊ द्या आणि रिसेट करा. कॉइलची एक तार सोडवून ए१ आणि ए२ मध्ये ओहम मोजा. शेकडो किंवा हजारांत आकडा आला तर कॉइल शाबूत, मीटर काहीच दाखवत नसेल तर जळालेली. नवी घेताना व्होल्टेज बघून घ्या. ४१५ व्होल्टच्या जागी २३० ची कॉइल बसवली तर ती लगेच जळते.

प्रिव्हेंटरचा पॉइंट लाइन नसताना उघडाच असतो, त्यामुळे तो असा तपासता येत नाही. त्याचा दिवा बघा. तिन्ही मापे बरोबर असूनही तो ‘रिव्हर्स’ दाखवत असेल तर डीपीवर काम झाल्यानंतर तारांचा क्रम बदललेला असण्याची शक्यता मोठी. पेटीत येणाऱ्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा. मोटरकडे जाणाऱ्या तारा बदलून प्रिव्हेंटरचे समाधान होणार नाही.

बटण दाबून धरले की मोटर चालते आणि सोडले की बंद पडते, याला आपल्याकडे ‘होल्ड धरत नाही’ म्हणतात. दोष हिरव्या बटणाला समांतर जोडलेल्या होल्डिंग पॉइंटमध्ये, १३ आणि १४ मध्ये, किंवा त्याच्या तारेत असतो. बटणात काडी अडकवून मोटर चालवू नका; लाइन गेली आणि आली की ती स्वतःहून सुरू होईल.

कॉन्टॅक्टर खरखरत असेल तर व्होल्टेज मोजा. ४१५ ची कॉइल साधारण ३५० च्या खाली नीट ओढत नाही. व्होल्टेज ठीक असेल तर चुंबकाच्या तोंडावरचा गंज, धूळ किंवा तुटलेली तांब्याची कडी कारणीभूत असते. खरखरणारा कॉन्टॅक्टर पॉइंट जाळतो, आणि जळालेल्या पॉइंटमुळे एक फेज सुटतो.

काही मिनिटे चालून मोटर ट्रिप होत असेल तर चिमटा मीटरने तिन्ही तारांचा करंट मोजा. ५ एचपी मोनोब्लॉकला ७.५ ते ८ अँपिअर, सबमर्सिबलला थोडा जास्त. खरा आकडा मोटरच्या नेमप्लेटवर असतो. डीओएल स्टार्टरवर रिले त्याच आकड्यावर ठेवा. स्टार-डेल्टा पेटीत रिले सहसा वाइंडिंगच्या तारेत असतो, तिथे नेमप्लेटच्या ०.५८ पट. ट्रिप होते म्हणून सेटिंग वाढवत नेणे म्हणजे दुखणे न बघता थर्मामीटर फोडणे.

प्रिव्हेंटर ‘डायरेक्ट’ करणे त्याहून वाईट. एक फेज गेल्यावर मोटर फिरत राहते, पण उरलेल्या दोन तारांतला करंट सुमारे १.७ पट होतो आणि वाइंडिंग काही मिनिटांत जळते. रात्री दोनला वावरात कोणी नसते. सकाळी नुसता वार्निशचा वास येतो.

घरी बनवलेली ऑटो पेटी

गावागावांत आता आयटीआय झालेली किंवा व्हिडिओ बघून शिकलेली मुले पाण्याची पातळी बघणारे सर्किट आणि मोबाइलवर चालणारा स्टार्टर स्वतः जोडतात. छंद चांगला आहे. चुका मात्र ठरावीक जागी होतात.

बाजारात मिळणाऱ्या निळ्या रिलेवर ‘१० अँपिअर २५० व्होल्ट एसी’ लिहिलेले असते. शेतातल्या स्टार्टरची कॉइल बहुतेक वेळा दोन फेजवर, ४१५ व्होल्टवर चालते. रिलेचे पॉइंट तिथे ठिणग्या मारतात आणि शेवटी चिकटतात, मग टाकी भरली तरी मोटर थांबत नाही. न्यूट्रल घेऊन २३० वर काम भागवू म्हटले तर शेतातल्या न्यूट्रलचा भरवसा नसतो. त्यापेक्षा ४१५ ते २४ व्होल्टचा छोटा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर फ्यूजसह घ्या, बोर्डाच्या रिलेने २४ व्होल्ट कॉइलचा लहान कॉन्टॅक्टर चालवा आणि त्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट स्टार्टरच्या माळेत जोडा. मोबाइलचा चार्जर दोन फेजवर कधीही लावू नका, तो फुटतो.

जोडणीची जागा महत्त्वाची. ‘सुरू’चा पॉइंट हिरव्या बटणाला समांतर, दोन-तीन सेकंदांपुरता. ‘बंद’चा पॉइंट लाल बटणाच्या मालिकेत. अशी जोडणी केली तर ओव्हरलोड आणि प्रिव्हेंटर दोन्ही शाबूत राहतात. ऑटोची तार थेट कॉइलवर नेली की दोन्ही राखणदार बाजूला पडतात.

कॉन्टॅक्टर सुटताना बोर्ड हँग होत असेल तर प्रोग्राम तपासण्याआधी वायरिंग बघा. सेन्सरच्या तारा मोटरच्या केबलपासून दूर न्या आणि कॉइलवर तिच्या व्होल्टेजचा सर्ज सप्रेसर लावा. पाण्यातल्या सळ्यांवर सतत डीसी दिला तर त्या गंजून जातात. स्टीलच्या सळ्या घ्या आणि माप घेण्यापुरताच क्षणभर करंट द्या. सुरू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत चांगले अंतर ठेवा, नाही तर लाटेबरोबर मोटर चालू-बंद होत राहील.

आता डीपीचे. ६३ केव्हीएच्या रोहित्रावर १० मोटरी आहेत, प्रत्येकी ५ एचपी, असे धरा. चालताना ७५ अँपिअर लागतात, रोहित्राची क्षमता सुमारे ८४, निभावते. पण डीओएलवर सुरू होताना मोटर सहापट करंट खेचते. दहाही ऑटोवर असतील तर लाइन येताच ४५० अँपिअरची मागणी एकदम होते. फ्यूज जातात, व्होल्टेज कोसळते, कॉन्टॅक्टर खरखरतात, आणि अशा झटक्यांनी डीपी जळाली तर सगळ्यांचेच पाणी अडते. म्हणूनच महावितरण ऑटोस्विच काढायला सांगते. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून मोटरी सुरू करण्याचा क्रम आधी ठरवा. तुमच्या सर्किटमध्ये लाइन आल्यानंतरचा टायमर असलाच पाहिजे: पहिल्याचा १ मिनिट, दुसऱ्याचा २, असे पुढे.

अर्थिंग

आपल्या काळ्या जमिनीत ओल असते तोवर अर्थिंग चांगले काम करते. फेब्रुवारीनंतर भेगा पडल्या की खड्डा कोरडा होतो आणि पत्र्याच्या पेटीला झिणझिण्या येऊ लागतात. खड्ड्यात अधूनमधून पाणी टाका, पेटी आणि मोटर दोन्ही अर्थला जोडलेल्या आहेत का ते बघा. झिणझिण्या येत असतील तर मोटर बंद ठेवा आणि परवानाधारक वायरमनकडून मेगर लावून घ्या. वाइंडिंग आणि बॉडीमध्ये निदान १ मेगाओहम हवा.

दुरुस्ती झाल्यावर, मोटर नीट चालत असताना तिन्ही व्होल्टेज, तिन्ही करंट आणि तारीख कागदावर लिहून पेटीच्या दाराला आतून चिकटवा, सोबत जोडणीची आकृतीही. पुढच्या रब्बीत बिघाड झाला की आजचे आकडे आणि तेव्हाचे आकडे समोरासमोर ठेवता येतील.