खिडकीचे गज आणि कापडाचा गज



आपल्या समूहावर होळकरांच्या सरदारांवर, गणेशोत्सवावर, सराफ्यावर, कापड गिरण्यांवर पुष्कळ लिहून झालं. इंदूरच्या मराठी घरांतल्या पडद्यांवर आणि त्यांच्यासाठी घेतलेल्या खिडक्यांच्या मापांवर मात्र कोणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. विषय किरकोळ वाटेल. पण माझं बी.कॉम. या मापांवर झालं, म्हणून लिहितो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुळात खिडकीचा पडदा आपल्याकडे फार जुना नाही. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. गावातले वाडेही थोडेफार त्याच वळणाचे: खाली दगड-वीट, वर सागवानी चौकटी. खिडकीला लाकडी झडपा, वरची जोडी वेगळी, खालची वेगळी. खालची लावून घ्यायची, वरची उघडी ठेवायची. उजेड-वारा आत येई आणि घरातली बाई रस्त्यावरून दिसत नसे. मध्ये लोखंडाचे उभे गज. कापडाची गरजच काय? कापडी पडदा असे तो माजघराच्या दाराला, आणि तो बहुतेक जुन्या लुगड्याचा. उन्हाळ्यात चिका सोडायच्या, ज्यांना परवडे ते वाळ्याच्या ताट्या लावून पाणी मारत.

त्या खिडक्यांची एक गंमत होती. एकाच भिंतीतल्या तीन खिडक्या सारख्या दिसायच्या, पण मोजल्या तर तिन्हींची मापं वेगळी निघायची. सुतार जागेवर बसून, भिंतीत सोडलेल्या भोकाप्रमाणे चौकट ठोकायचा. पुढे भिंत बसायची, लाकूड पावसाळ्यात फुगायचं. पन्नास-शंभर वर्षांच्या वाड्यात काटकोनात राहिलेली चौकट शोधूनही सापडत नसे.

पडदा आला तो काचेबरोबर. रेसिडेन्सीच्या बाजूचे बंगले, लालबाग, तुकोगंज, मनोरमागंज इथे काचेची तावदानं आली आणि झाकायला कापड लागलं. महाराज यशवंतराव दुसरे यांनी 1930 च्या सुमारास बर्लिनचे वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग बांधून घेतली. तिथलं सामान त्या घरासाठी म्हणून पारखून किंवा मुद्दाम बनवून घेतलेलं, बरंचसं युरोपातून आलेलं. 1980 साली मोनॅकोमध्ये त्याचा लिलाव झाला, आणि महालात सरकारी कचेरी बसली. आपल्यासारख्यांचा त्या घराशी संबंध दुरूनच. पण एकेका घरासाठी वस्तू मापानं बनवून घ्यायची, ही हौस हळूहळू खाली झिरपत आली.

आमच्यासारख्या घरांत पडदा शिरला तो मध्यभारत राज्याच्या काळात. 1948 ते 1956 हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. मग 1 नोव्हेंबर 1956 ला मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. पण सरकारी क्वार्टर आणि नव्या वसाहती वाढतच राहिल्या. काचेच्या खिडक्या, समोरासमोर घरं. आणि नोकरदाराची बदली झाली की जुन्या घरचे पडदे नव्या घरी आखूड तरी पडत, नाहीतर जमिनीवर लोळत.

इथे माझ्या काकूची गोष्ट सुरू होते. माझे काका 1955 साली गेले, तेव्हा काकू तिशीच्या आतली, पदरी दोन मुली. घरात खाणारी तोंडं अकरा, कमावते माझे वडील एकटे. काकूला शिवण येत होतं. झबली-परकरांवर किती मिळणार? एका ओळखीच्या बाईंनी बंगल्याचे पडदे शिवायला दिले आणि तिला कळलं, इथे शिलाई सरळ आहे आणि पैसा जरा बरा आहे.

अडचण एकच. पडद्यासाठी माप घ्यायला परक्याच्या घरात जावं लागतं. आजी म्हणाली, "विधवा बाईनं लोकांच्या खिडक्या मोजत फिरायचं?" काकू काही बोलली नाही. आठ दिवसांनी वडिलांनी मध्यम मार्ग काढला: जायचं, पण बरोबर घरातलं एक मूल न्यायचं. ते मूल मी. वय वर्षं सात-आठ. माझ्या हातात दुकानातला लोखंडी गज, तिच्या हातात वही. दोन्ही गज एकाच नावाचे याचं मला फार हसू येई. खिडकीचे गज आम्ही कापडाच्या गजानं मोजत असू.

काकू कापडी फीत वापरायची नाही. ती ओढली की ताणते, वर्षभरात अर्धा इंच वाढते, असं तिचं म्हणणं. रुंदी तीन ठिकाणी घ्यायची: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी: डावी, मधली, उजवी. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं माप दोन्हीकडून. दोन्ही सारखी आली तर चौकट काटकोनात, नाहीतर खिडकी कलली आहे. चौकटीच्या आत बसणारा पडदा किंवा चीक असेल तर तीन रुंदींतली सगळ्यात लहान धरायची, नाहीतर मध्येच अडकतो. बाहेरून लागणारा असेल तर सगळ्यात मोठी धरून दोन्ही बाजूंना तीन-चार इंच जास्त, म्हणजे कडेनं उजेड आणि नजर दोन्ही शिरत नाहीत. लिहिताना रुंदी आधी, उंची नंतर, कधीच उलट नाही. इंचाच्या खाली सूत. आठ सुतांचा एक इंच, सुताराची तीच भाषा.

तेव्हा चाल अर्ध्या पडद्याची होती. स्प्रिंग आणि दोन आकडे, खालचा भाग झाकलेला, वरून उजेड. जुन्या झडपांची सवय कापडात उतरली, असं मला वाटतं. कापडाचा पन्हा छत्तीस इंची. तीस इंच उंचीचा पडदा, खाली चार इंच दुमड, वर स्प्रिंगसाठी दोन इंच, झाले बरोबर छत्तीस. म्हणजे एक पट्टी एक गज, खिडकीला दोन पट्ट्या, दोन गज. बेचाळीस इंची खिडकीवर कडा शिवून अडसष्ट इंच कापड येई, चुण्या दीडपटीच्या वर पडत. सुती कापड आधी पाण्यातून काढून, वाळवून मगच कापायचं. तरी आटलं तर खालची दुमड सोडायला चार इंच होतेच.

दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर काकू कात्री चालवत नसे. याला कारण घडलं होतं. एका मोठ्या बंगल्यातून कागदावर मापं आली. त्यांनी चपराशाकडून मोजून घेतली होती. चौकटीच्या आतलं माप आणि पडदे बाहेरून लावायचे. सगळे दोन्हीकडून तोकडे पडले. बंगल्यानं पैसे दिले नाहीत, कापडाचेही कापून घेतले. काकूची दोन महिन्यांची शिलाई गेली. त्या रात्री ती जेवली नाही, एवढं मला आठवतं. त्यानंतर कितीही मोठं घर असो, "मी येऊन मोजीन" हे वाक्य ठरलेलं.

त्याच सुमारास देशाची मापंच बदलली. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर. 1956 च्या वजनमाप कायद्यानं टप्प्याटप्प्यानं मीटर-किलो आले. क्लॉथ मार्केटात गजाऐवजी मीटरची पट्टी आली, पण बायकांच्या डोक्यात गज आणि सुताराच्या हातात फूट-इंचच राहिले. छत्तीस इंच म्हणजे 91.44 सेंटिमीटर. दहा खिडक्यांना वीस गज, म्हणजे 18.29 मीटर. गिऱ्हाईक सवयीनं वीस मीटर आणी, तर पावणेदोन मीटरच्या जवळपास कापड उरे. काकू ते परत करी. कोणी हिशेबी माणूस अठराच आणी, मग एकोणतीस सेंटिमीटर कमी, आणि दुमडी आखूड. मी शाळेत होतो. तिच्या वहीच्या पुठ्ठ्याआड एक ते पन्नास गजांचं कोष्टक मी लिहून दिलं. आकडेमोडीची मला गोडी लागली ती तिथे.

ती वही आज माझ्याकडे आहे. बँकेत तीस-पस्तीस वर्षं लोकांची खाती तपासली, घरतारणाचे कागद पाहिले, म्हणून तिची शिस्त मला ओळखू येते. डावीकडे मापं, उजवीकडे पैसा. मोहल्ला, घर, खोली, खिडकी, रुंदी, उंची. समोर कापड, शिलाई, जमा, बाकी. 1967 पासून वर्षातून दोनदा उजव्या पानावर माझं नाव आहे आणि पुढे "फी". दोघी मुलींच्या शाळेचा खर्चही तिथेच. वडिलांच्या घरखर्चाच्या वह्याही आमच्याकडे आहेत. त्यांत काकूकडून आलेल्या पैशाची एकही नोंद नाही. वडील माणूस सरळ होते, लपवण्याचा हेतू नसणार. विधवा भावजयीची कमाई जमेला लिहिणं त्या काळी त्यांना प्रशस्त वाटलं नसेल. पुढे वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा कोणीतरी म्हणालं, "तिला आपण सांभाळलं." तेव्हा मी ही वही बैठकीत ठेवली आणि फक्त बेरजा वाचून दाखवल्या. काकूच्या मुलींना त्यांच्या वडिलांचा वाटा पूर्ण मिळाला.

आता परिस्थिती पालटली. गिरण्या बसल्या. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद झाली आणि कामगारांना देणी मिळायला 2023 उजाडलं. पडदे तयार मिळतात, ठरलेल्या लांबीचे. फ्लॅटला सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, त्यावर गुंडाळायचे ब्लाइंड. माप घ्यायला मुलगा येतो, हातात लेसरचं यंत्र, मापं मिलिमीटरमध्ये. मी मुद्दाम बघत बसतो. रुंदी वर, मध्ये, खाली घेतो आणि आत बसवायच्या ब्लाइंडला सगळ्यात लहान धरतो. नियम तेच. घाईत एकदाच मोजणारा आला तर निःसंकोच त्याला तीनदा मोजायला सांगा. पडदा तुमच्या घरी लागणार आहे.

वहीत मी मोजली, एकशे बारा घरं आहेत. पागनीसपागा, रामबाग, स्नेहलतागंज, तुकोगंज. त्यांतली बरीच आज उभी नाहीत, तिथे अपार्टमेंट आहेत. पण पूर्वेची माजघराची खिडकी अडतीस इंच तीन सूत होती आणि डावीकडे अर्धा इंच खचली होती, हे लिहिलेलं आहे.

मंडळी, आपल्या घराण्यांच्या कैफियती आणि सनदा आपण जपून ठेवतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर घरातल्या बायकांच्या वह्याही एकदा उघडून बघा. शिवणाच्या, पापड-मसाल्याच्या, शिकवण्यांच्या. इंदूरच नव्हे, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदा, कुठल्याही. उजव्या पानावर कोणाची फी भरली आहे ते पाहा, आणि इथे लिहा. ज्यांचा वाडा पाडायला निघाला आहे त्यांनी त्याआधी एक दुपार काढून खिडक्या मोजून ठेवा. रुंदी आधी, उंची नंतर.