शरदातील सफरचंदे आणि टंचाईतून आलेला 'क्रंबल'

पावसाळा सरत आला, की हिमाचल प्रदेशातील आणि पाठोपाठ काश्मीरमधील सफरचंदांच्या पेट्या वाशीच्या घाऊक बाजारात आणि पुण्याच्या मार्केट यार्डात मोठ्या प्रमाणावर येऊ लागतात. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत घरोघरी फळांची टोपली भरलेली असते. मात्र आठवडाभरात टोपलीच्या तळाची फळे मऊ पडतात, त्यांवर डाग दिसू लागतात आणि घरातील कोणी त्यांना हात लावेनासे होते. अशी फळे सत्कारणी लावणारा एक साधा भाजलेला गोड पदार्थ इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शरद ऋतूत केला जातो. त्याचे नाव 'ॲपल क्रंबल'.

इंग्रजीत 'क्रंबल' म्हणजे चुरा होणे. खाली फळांच्या फोडी आणि त्यावर मैदा, बटर व साखर यांचा भुरभुरीत चुरा, एवढीच त्याची रचना. त्यात अंडे नाही, यीस्ट नाही, फेटणे नाही आणि लाटणेही नाही. तरीही पहिल्या प्रयत्नात तो अनेकांचा फसतो. वरचा थर गिळगिळीत होतो आणि खाली फळांचे पाणी साचते. या पदार्थाचे सारे यश एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. खालचा ओलावा खाली राहावा आणि वरचा कोरडेपणा वर टिकावा, ही ती गोष्ट. पुढील प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

रेशनिंगच्या काळातील लोकप्रियता

इंग्लंडमध्ये सफरचंदाचा पारंपरिक पदार्थ म्हणजे 'पाय'. मैद्याची पारी लाटून तिच्यात फळे भरायची आणि ती भट्टीत भाजायची, ही त्याची पद्धत. क्रंबल त्या मानाने बराच नवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो ब्रिटिश घरांत रुजला. जानेवारी १९४० मध्ये ब्रिटनमध्ये लोणी आणि साखर यांवर रेशनिंग लागू झाले. युद्धकाळात बराच काळ माणशी आठवड्याला सुमारे ५७ ग्रॅम लोणी आणि २२७ ग्रॅम साखर मिळत असे. खाद्यपदार्थांवरील रेशनिंग पूर्णपणे उठण्यास १९५४ साल उजाडले.

अशा वेळी पाय करणे परवडणारे नव्हते. पारी एकसंध राहण्यासाठी स्निग्धांशाचे प्रमाण नेमके असावे लागते. चुरा एकसंध राहण्याची गरजच नसते. त्यामुळे लोण्याऐवजी मार्गारीन, थोड्या मैद्याऐवजी ओट्स किंवा पावाचा चुरा, साखर कमी, असे हाताशी असेल त्यावर भागवता येत असे. परसातील झाडाखाली पडलेली, डागी फळेही चालत. टंचाई संपली तरी पदार्थ टिकला, कारण तो सोपा होता आणि चवीला उत्तम होता.

कोणते सफरचंद घ्यावे?

इंग्रजी पाककृती जशीच्या तशी उतरवली, तर आपल्याकडे पहिली अडचण येते ती फळाची. इंग्लंडमध्ये खाण्याचे सफरचंद आणि शिजवण्याचे सफरचंद असे दोन वेगळे प्रकार मानले जातात. शिजवण्याच्या सफरचंदांत 'ब्रॅम्ली' ही जात अग्रगण्य. नॉटिंगहॅमशायर परगण्यातील साउथवेल येथे १८०९ मध्ये एका मुलीने लावलेल्या बियांतून तिचे मूळ झाड उगवले. हे फळ इतके आंबट, की ते कच्चे फारसे कोणी खात नाही. शिजल्यावर मात्र त्याचा हलका, फेसाळ गर होतो. इंग्रजी पाककृतींतील साखरेचे प्रमाण अशा आंबट फळासाठी ठरलेले असते.

भारतीय बाजारातील सफरचंदाची कथा वेगळी आहे. कुलू खोऱ्यात १८७० च्या सुमारास ब्रिटिशांनी सफरचंदाच्या बागा लावल्या होत्या. परंतु आज आपल्याला परिचित असलेल्या गोड, लाल 'डिलिशस' जाती रुजवण्याचे श्रेय सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकी गृहस्थांकडे जाते. शिमल्याजवळील कोटगढ परिसरात स्थायिक झालेल्या स्टोक्स यांनी १९१६ मध्ये या जातींची रोपे अमेरिकेतून आणली. पुढे ते सत्यानंद स्टोक्स या नावाने ओळखले गेले. आपल्या टोपलीतील सफरचंद गोड असते ते या वारशामुळे. म्हणून इंग्रजी कृतीतील साखर येथे कमी करावी लागते आणि आंबटपणा वेगळा आणावा लागतो.

त्यासाठी दोन मार्ग आहेत. लाल सफरचंदांबरोबर एक-दोन हिरवी 'ग्रॅनी स्मिथ' घ्यावीत. ती आंबट असतात आणि भाजल्यावरही त्यांच्या फोडी आकार टिकवतात. हिरवी सफरचंदे महाग वाटल्यास लिंबाचा रस घालावा. पिवळे 'गोल्डन' सफरचंदही या पदार्थाला चांगले. थोडी पिठूळ झालेली फळे चालतील, पण सर्व फळे पिठूळ असू नयेत. निम्मी तरी करकरीत असावीत. डागाचा भाग काढून फळ वापरता येते. मात्र बुरशी आलेले किंवा कुजलेले फळ टाकूनच द्यावे.

मोहन, पण थंड

दिवाळीच्या शंकरपाळ्यांत आणि करंजीत मोहन घालण्याची पद्धत मराठी गृहिणींच्या हातात मुरलेली आहे. स्निग्धांश पिठाच्या कणांभोवती बसतो, त्यामुळे पाण्याशी संयोग होऊन पीठ चिवट होत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. क्रंबलमागील तत्त्व हेच आहे. फरक एवढाच, की मोहन कडकडीत गरम घालतात आणि क्रंबलसाठी बटर थंडगार लागते. वितळलेले बटर पिठात शिरून त्याचा लगदा होतो. थंड बटराचे बारीक कण पिठात विखुरलेले राहतात आणि ओव्हनमध्ये वितळताना चुऱ्यात पोकळी ठेवतात.

ऑक्टोबरच्या उष्म्यात मुंबईच्या स्वयंपाकघरात बटर काही मिनिटांत पातळ होऊ लागते. यावर उपाय म्हणजे बटर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून थेट मैद्यात किसावे आणि बोटांच्या टोकांनी भरभर चोळावे. तळहात वापरू नये, तो बोटांपेक्षा गरम असतो. परीक्षा मोहनासारखीच आहे. मिश्रण मुठीत दाबले असता मूठ वळावी आणि बोट लावताच ती फुटावी.

साहित्य (चार ते पाच जणांसाठी)

फळांच्या थरासाठी: सफरचंदे ७५० ग्रॅम (मध्यम आकाराची पाच), साखर किंवा चिरलेला गूळ २ मोठे चमचे, एका लिंबाचा रस (हिरवी सफरचंदे घेतल्यास अर्ध्या लिंबाचा), दालचिनी पूड अर्धा छोटा चमचा, कॉर्नफ्लोअर १ छोटा चमचा.

वरच्या चुऱ्यासाठी: मैदा १५० ग्रॅम, थंड बटर ७५ ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम. बटर बिनमिठाचे असल्यास चिमूटभर मीठ घालावे. खारे असल्यास घालू नये.

चुऱ्याचे वजनी प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. मैदा दोन भाग, बटर एक भाग आणि साखर एक भाग. मैद्याचा तिसरा हिस्सा कमी करून त्याऐवजी ओट्स किंवा जाडसर कुटलेले बदाम घातले, तर चुरा अधिक कुरकुरीत होतो. अर्धी कणीकही चालते.

कृती

१. ओव्हन १८० अंश सेल्सिअसला तापत ठेवावा.

२. मैद्यात बटर किसून बोटांनी चोळावे. पावाच्या जाड चुऱ्यासारखे दिसू लागले, की साखर मिसळावी. भांडे पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावे.

३. सफरचंदे सोलून, बिया व मधला कडक भाग काढून सुमारे दोन सेंटीमीटरच्या फोडी कराव्यात. लगेच लिंबाचा रस चोळावा, म्हणजे फोडी काळ्या पडत नाहीत. त्यात साखर, दालचिनी आणि कॉर्नफ्लोअर मिसळावे. फळांना सुटणारे पाणी कॉर्नफ्लोअरमुळे दाट होते.

४. ओव्हनमध्ये चालणाऱ्या, सुमारे २० सेंटीमीटरच्या भांड्यात फोडी पसराव्यात. भांड्याच्या काठाखाली दोन सेंटीमीटर जागा मोकळी ठेवावी, कारण रस उकळून वर येतो.

५. फ्रीजमधील चुरा वरून हलक्या हाताने भुरभुरावा. तो दाबू नये. दाबलेल्या चुऱ्यातून वाफ बाहेर पडत नाही आणि खालची बाजू कच्चट राहते.

६. ४० ते ४५ मिनिटे भाजावे. वरचा थर सोनेरी होणे पुरेसे नाही. कडेने रस दाट बुडबुड्यांनी उकळताना दिसला, तरच फळे शिजली असे समजावे. वरचा थर लवकर लाल होऊ लागल्यास ॲल्युमिनियम फॉइलने सैलसर झाकावे.

७. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे. या वेळात रस आळतो आणि चुरा कडक होतो.

ओव्हन नसेल तर

साधा मायक्रोवेव्ह या कामाचा नाही. तो फळे शिजवतो, पण चुरा तांबूस व कुरकुरीत करत नाही. कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह चालतो. दोन्ही नसल्यास पदार्थाचे दोन भाग वेगळे करावेत. फोडी साखर व लिंबासह जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून मऊ शिजवाव्यात आणि शेवटी झाकण काढून रस आटवावा. मैदा व बटराचा चुरा कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटे, बेसन भाजतात तसा, खमंग भाजावा. साखर आच बंद केल्यावरच मिसळावी, अन्यथा ती कढईला चिकटते. वाढताना वाटीत फळे घेऊन वर चुरा घालावा. मूळ पदार्थाची गंमत थोडी कमी होते, पण चुरा ओला होण्याचा धोका उरत नाही.

वाढणे आणि टिकवणे

क्रंबल गरम असताना त्यावर कस्टर्ड ओतण्याची इंग्रजी पद्धत आहे. योगायोगाने आपल्याकडे सर्वत्र मिळणारी कस्टर्ड पावडरही अंड्याविना असते. बर्मिंगहॅमचे रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये, पत्नीला अंडे सोसत नाही म्हणून, कॉर्नफ्लोअरपासून हे कस्टर्ड तयार केले. त्यामुळे हे संपूर्ण पक्वान्न शाकाहारी घरांतही निःशंकपणे करता येते. साधे व्हॅनिला आइस्क्रीमही त्याबरोबर छान लागते.

उरलेला क्रंबल फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. तो पुन्हा ओव्हनमध्येच गरम करावा. मायक्रोवेव्हमधील वाफेने चुरा मऊ पडतो. चुरा मात्र जास्तीचा करून हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये महिनाभर ठेवता येतो. वितळू न देता तो थेट फळांवर भुरभुरावा. डबा तयार असला, की टोपलीतील फळे मऊ पडू लागल्याचे दिसताच फक्त फोडी करण्याचे काम उरते. सफरचंदांचा हंगाम ओसरल्यावर नासपती किंवा हिवाळ्यातील पेरू घेऊनही हाच पदार्थ करता येतो. पेरूच्या बिया तेवढ्या आधी काढून टाकाव्यात.