टाक्याला टाका, हिशेबाला फाटा

बँकेत काम करणाऱ्या माणसाला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात. पावती असलेल्या आणि पावती नसलेल्या. पहिल्या प्रकाराबद्दल त्याला आदर असतो, दुसऱ्याबद्दल संशय. सणावारी घरातल्या बायकांनी स्वतःच्या हातानं विणून किंवा भरून दिलेली भेटवस्तू या दुसऱ्या प्रकारात मोडते. लोकरीची पावती मिळते, मॅटीच्या कापडाची मिळते, फार तर दोऱ्याच्या लडींची मिळते. त्यापुढचे चाळीस-पन्नास तास कुठल्या खात्यात जमा झाले, हे विचारायची सोय नसते. विचारलंच, तर त्या दिवशीचा चहा आपला आपण करून घ्यावा लागतो.

आम्हाला बी.कॉम.ला कॉस्टिंग नावाचा विषय होता. माल अधिक मजुरी अधिक वरखर्च, बरोबर वस्तूची किंमत. एवढं एकच सूत्र मला परीक्षेनंतरही आठवतं. ते हाताशी धरून मी या हातच्या भेटींचा इतिहास चाळायला बसलो आणि मजुरीच्या रकान्यापाशी येऊन थबकलो. दीडदोनशे वर्षं तो रकाना कोणी धड भरलेलाच नाही!

या इतिहासाचं एक मोठं प्रकरण बर्लिन शहरात सुरू होतं. १८०४ च्या सुमारास तिथल्या एका छापखानेवाल्यानं चौकटींच्या कागदावर फुलापानांचे नमुने छापून विकायला काढले. रंग हातानं भरलेले. एक चौकट म्हणजे जाळीच्या कापडावरचा एक टाका, चौकटीचा जो रंग तोच लोकरीचा रंग. थोडक्यात, लेजरच्या पानावर गुलाब उगवावा तसा प्रकार. यात चित्रकला येण्याची गरज नव्हती, मोजता आलं की पुरे. (आमच्या कॅश काउंटरवरची निम्मी मंडळी हे काम गप्पा मारता मारता करतील.) १८३१ च्या सुमारास लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरचा विल्क्स नावाचा दुकानदार हे नमुने आणि लोकर आणवू लागला, आणि विलायतेतल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत ‘बर्लिन वर्क’ची साथ पसरली. १८४० पर्यंत असे सुमारे १४,००० नमुने निघाले होते म्हणतात.

विलायतेतला नाताळ आज आपण ओळखतो तसा घरगुती सण व्हायला लागला, तोही त्याच सुमारास. छापील नाताळकार्ड आलं १८४३ साली, डिकन्सची ‘ख्रिसमस कॅरोल’ही त्याच वर्षीच्या डिसेंबरातली. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र १८४८ साली साप्ताहिकात छापून आलं आणि घरोघरी झाडं उभी राहिली. आता झाड आलं म्हणजे त्याखाली काहीतरी ठेवायला नको? पुरुषांना काय द्यावं हा प्रश्न तेव्हाही आजच्याइतकाच बिकट होता. बायकांनी तो सपातांनी सोडवला. सपातांचा वरचा भाग घरी लोकरीनं भरायचा आणि चांभाराकडून खाली तळ लावून घ्यायचा. वडलांना सपाता, भावाला सपाता, आणि गावात एखादा अविवाहित तरुण पाद्री असला तर त्याला इतक्या सपाता, की त्या काळच्या विनोदी लेखकांचा निम्मा संसार त्यावर चालला. पाय दोनच असतात, ही देवाची योजना कोणी लक्षातच घेतली नाही. सपातांतून वाचलेल्या पुरुषांना मिळायची भरलेली टोपी, खिशातल्या घड्याळासाठी उशाशी टांगायची पिशवी, नाहीतर टाकाची शाई पुसायचं फुलाफुलांचं फडकं. ज्या फडक्याला शाईच लागायची, त्यावर फुलं!

यात भर घातली एका अठरा वर्षांच्या पोरानं. विल्यम पर्किन हा १८५६ साली मलेरियावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत बनवायला गेला आणि बनला जांभळा रंग. त्यामागून इतर रासायनिक रंग आले, आणि लोकर अशी काही भडक झाली की त्या सपाता अंधारातही सापडाव्यात.

इथवर सगळं हसण्यासारखं आहे. पण कारकुनाला एक खोड असते, तो व्हाउचरच्या मागची बाजूही बघतो. बर्लिन वर्कच्या दुकानांत अर्धवट भरलेली कापडंही विकायला असत. मधला गुलाब, पोपट किंवा कुत्रा आधीच भरलेला. घरच्या बाईनं फक्त भोवतालची पार्श्वभूमी एका रंगात भरून काढायची. आपल्याकडे विकतची भाजणी आणून चकल्या ‘घरच्या’ म्हणून वाढतात, त्यातलाच प्रकार. सपाता पायात घालणारा म्हणायचा, “वा, काय गुलाब काढलास!” तो गुलाब भरणारी मजूरबाई दूर कुठल्यातरी खोलीत दिव्याच्या उजेडात पुढचा गुलाब भरत असायची. तिचं नाव व्हाउचरच्या मागेही नाही.

अशाच एका बाईची गोष्ट त्या १८४३ सालच्या डिसेंबरात छापून आली. लंडनमधल्या एका विधवेनं शिवायला दिलेला माल मुलांच्या पोटासाठी गहाण ठेवला, म्हणून तिला कोर्टात उभं केलं. मजुरी किती, तर एका पाटलोणीला सात पेन्स, त्यातही सुई-दोरा तिचाच. टॉमस हुड या कवीनं त्यावर ‘साँग ऑफ द शर्ट’ ही कविता लिहिली आणि ‘पंच’ या चक्क विनोदी साप्ताहिकानं ती नाताळच्या अंकात छापली. म्हणजे एकाच शहरात, एकाच महिन्यात, एक सुई प्रेमानं सपाता भरत होती आणि दुसरी सात पेन्सांत पाटलोण शिवत होती. टाका तोच. एकीच्या वेळेला किंमत नव्हती कारण तो भेट होता, दुसरीच्या वेळेला नव्हती कारण ती गरीब होती. माझं कॉस्टिंगचं सूत्र इथं गप्प बसतं.

या दोन्ही सुया ज्या लेखिकेनं हाताळल्या ती अमेरिकेतली लुइझा मे अल्कॉट. शिवणकाम करून तिनं घराला हातभार लावला होता. १८६८ सालची तिची ‘लिटल वुमेन’ ही कादंबरी शांताबाई शेळक्यांच्या ‘चौघीजणी’मुळे आपल्या घरातलीच झाली. त्यातली लाजाळू बेथ नाताळात आपला एकुलता एक डॉलर स्वतःवर न खर्चता आईला रुमाल घेते, आणि त्यांवर नावाची आद्याक्षरं न भरता नुसतं ‘आई’ असं भरते. का, तर थोरल्या बहिणीची आद्याक्षरंही तीच, आणि हे रुमाल आईशिवाय दुसऱ्या कोणी वापरायचे नाहीत! मालकी हक्काचा इतका चोख दस्तऐवज मी आमच्या कर्जविभागातही पाहिलेला नाही. पुढे हीच बेथ शेजारच्या म्हाताऱ्या लॉरेन्ससाहेबांना सपाता भरून देते. जांभळ्या रंगावर फुलं. साहेब तिला उलट पियानो पाठवतात. सपातांवर इतकं व्याज जगात दुसऱ्या कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

पुढे मोठमोठी दुकानं आली आणि भेटी विकत मिळू लागल्या. पावती मिळाली म्हणून सगळे सुखी झाले असतील, असं आपल्याला वाटतं. पण १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये चक्क ‘निरुपयोगी भेटी देण्यास प्रतिबंध करणारी संस्था’ निघाली. दुकानांत काम करणाऱ्या मुलींना नाताळात वरिष्ठांच्या भेटीसाठी वर्गणी काढावी लागे, तिच्याविरुद्ध ही चळवळ. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही तिचे सभासद झाले. साहेबांच्या वर्गणीची यादी ज्याच्या टेबलावरून फिरली आहे, त्याला या संस्थेबद्दल मी अधिक सांगायला नको. बेथनं डॉलर खर्चला तो आपल्या मर्जीनं, या मुलींकडून तो काढून घेतला जाई. दोन्हींना भेटच म्हणायचे.

आपल्याकडे सुई पूर्वापार होतीच. गोधडी आणि कुंची काही बर्लिनहून आलेल्या नाहीत. पण मिशनच्या मुलींच्या शाळांतून वाचन-लेखनाबरोबर विलायती धर्तीचं शिवण-भरतकामही शिकवलं जाऊ लागलं. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनातही शिवणाचे वर्ग होते, आणि तिथं हेतू स्पष्ट होता: बाईनं स्वतःच्या पायावर उभं राहावं. मजुरीचा तो रिकामा रकाना भरायला निदान कोणीतरी पेन उचललं होतं.

घरात मात्र तो रिकामाच राहिला. भाऊबीज, बारसं, रुखवत यांतून क्रॉस स्टिचचे पोपट, ‘वेलकम’ची तोरणं, क्रोशाचे रुमाल येत राहिले. टीव्ही भिंतीला चिकटल्यापासून त्या रुमालांना बसायला जागा उरली नाही, ते कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीनं दिवस काढतात. खरं दुःख मला तिथं वाटतं. सपाता भरणाऱ्या असोत की पोपट भरणाऱ्या, या बायकांच्या दिवसातला बाकीचा वेळ कोणीही न विचारता घेऊन जात असे. हे चाळीस-पन्नास तास त्यांनी कोणाला द्यायचे ते स्वतः ठरवले होते. अशी ठेव ‘जपून ठेवली आहे’ म्हणत कुलपात टाकणं, याला आमच्या धंद्यात निष्क्रिय खातं म्हणतात.

माझ्या धाकट्या बहिणीनं एका भाऊबीजेला मला लोकरीचा मफलर विणून दिला. मी राहतो डोंबिवलीला. तिथं मफलर घालण्याइतकी थंडी पडली तर ती वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येईल. पण आमच्या शाखेतलं एसी कोणाच्याही ताब्यात नाही. तेव्हा दिवसभर मी तो मफलर गळ्यात गुंडाळून बसतो. रांगेतलं कोणीतरी काळजीनं विचारतं, “साहेब, घसा बसलाय का?”

“नाही हो,” मी सांगतो, “हप्ता भरतोय.”