औंढ्याची वेधशाळा व संग्रहांस मिळणारें सरकारी अनुदान

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ हें क्षेत्र संशोधकांस तेथील हेमाडपंती देवालयामुळें व नामदेव-विसोबा खेचरांच्या कथेमुळें परिचित आहे. आतां त्याच तालुक्यांत गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें तिला १७ फेब्रुवारी २०१६ रोजीं तत्त्वतः व ६ एप्रिल २०२३ रोजीं अंतिम मान्यता दिली. मंजूर खर्च सुमारें २६०० कोटी रुपये. पोथ्या जमविणारांस या यंत्राचें काय, असें कोणी विचारील. परंतु चार-चार किलोमीटरांच्या त्या दोन भुजांतून जें बाहेर पडावयाचें तें म्हणजे अहोरात्र सांचणाऱ्या नोंदीच होत, आणि नोंदींचें जतन हा तर आपलाच विषय.

एकट्या ठिकाणची नोंद फारसें सांगत नाहीं. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं आलेल्या तरंगांच्या अमेरिकेंतील दोन व इटलींतील एक अशा तीन वेधशाळांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हां उगमस्थान आकाशाच्या सुमारें २८ चौरस अंशांत येऊन ठेपलें व दुर्बिणींनीं तें एनजीसी ४९९३ या दीर्घिकेंत शोधिलें. पाठभेद ताडून मूळ पाठ ठरविणारांस ही रीत परकी वाटूं नये. अशा नोंदींच्या पृथक्करणासाठीं पुण्याच्या आयुका संस्थेंत ‘सारथी’ नांवाचा संगणकसमूह आहे.

सरकारी पैशानें सामग्री सांठविण्याचा आपल्याकडील जुना दाखला १८६८ चा. लाहोरचे पंडित राधाकृष्ण यांनीं त्या वर्षीं व्हाइसरॉयांस पत्र लिहून संस्कृत ग्रंथांच्या याद्या करविण्याची सूचना केली व हिंदुस्थान सरकारनें शोध, खरेदी आणि याद्या यांसाठीं अनुदान ठरविलें. मुंबई इलाख्यांत ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन व डॉ. भांडारकर यांनीं हें काम केलें. तो संग्रह डेक्कन कॉलेजांतून १९१८ त भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. ब्यूलर यांनीं १८७५ त काश्मिरांत मिळविलेली ऋग्वेदाची भूर्जपत्रावरील शारदा पोथी त्यांतलीच. मंदिराच्या ज्या ३० ऋग्वेद-पोथ्या २००७ त युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटांत नोंदल्या गेल्या, त्यांत ती आहे. मात्र खरेदी झपाट्यानें झाली, सूची रेंगाळली: वर्णनात्मक सूचीचा पहिला खंड निघण्यास १९१६ साल उजाडलें. अनुदान देणारांचें लक्ष संग्रहाकडे असतें तितकें सूचीकडे नसतें, असें माझें मत आहे.

हिंगोली त्या काळीं निजामाच्या राज्यांत, अर्थात् मुंबई सरकारच्या हद्दीबाहेर. १९४८ पर्यंत तीच स्थिति. येथील मठांतून व घरांतून असलेल्या पोथ्यांस आतां दुसरी संधि आहे. २००३ त स्थापिलेल्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानापाठोपाठ २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत ‘ज्ञानभारतम्’ योजना जाहीर झाली. १ कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन हें तिचें उद्दिष्ट, व त्या वर्षाची तरतूद ६० कोटी रुपयांची. २६०० कोटींशीं तुलना करून मत्सर करण्याचें कारण नाहीं. यंत्राला पोलाद लागतें, पोथीला वाचणारा. परंतु पानांचीं छायाचित्रें घेऊन पुष्पिका न वाचतां तीं सांठविलीं, तर वर्षांनंतर कोणती पोथी कोणत्या घराण्याची हें कोणासही सांगतां येणार नाहीं. यास्तव जिल्ह्यांतील संग्राहकांनीं छायाचित्रें घेणारे येण्यापूर्वींच प्रत्येक पोथीची पत्रसंख्या, लेखनशक, लेखकाचें नांव व ती कोठून आली, इतकें टिपून पोथीच्या बासनांतच ठेवावें.