अशोकसाल : भेसळ व पारख

सीता-अशोकाची (सराका असोका) वाळवलेली साल. अशोकारिष्टातील हे मुख्य द्रव्य असून अंगावरून जास्त जात असल्यास वैद्य ते देतात. मागणी मोठी, रानातली झाडे विरळ, त्यामुळे काष्ठौषधींच्या बाजारात या सालीत सर्रास भेसळ आढळते.

भेसळीचे मूळ बरेचसे नावातच आहे. सोसायटीच्या कुंपणालगत सरळसोट वाढणाऱ्या, लांब पानांच्या कडा लहरी असलेल्या झाडालाही मराठीत अशोकच म्हणतात. ते झाड आसुपालव (पॉलिअल्थिया लाँगिफोलिया), म्हणजे सीताफळाच्या कुळातले. सीता-अशोक शेंगा धरणाऱ्या कुळातला. पालवी तांबूस लोंबती आणि फुले शेंदरी असल्याने झाडाखाली उभे राहिले की तो लगेच ओळखू येतो. पण बाजारात पोहोचतात ते सालीचे तुकडे, नाहीतर भरड. पान-फुलाची साक्ष तिथे मिळत नाही.

पारख. तुकडा हाती असेल तर आधी तो नीट पाहावा. खरी साल पन्हळीसारखी वळलेली असते. बाहेरून ती करडी-हिरवट, गोल वातरंध्रांचे ठिपके असलेली, आतून तांबूस-तपकिरी. मोडली की चिवट काटक्या निघतात, चव तुरट. सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद घेतला की आसुपालवाचे पाचरीसारखे रुंदावत जाणारे किरण त्याचे कूळ उघड करतात. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून काढा काळवंडला एवढ्यावर साल खरी ठरवणे मात्र घातक आहे : टॅनिन असलेल्या कितीतरी साली तोच रंग देतात. म्हणून प्रमाणित नमुना शेजारी ठेवून एचपीटीएलसी (घटक वेगळे करणाऱ्या पातळ थरावरील चाचणी) पट्टीवरचे पट्टे जुळवून पाहतात. आयुर्वेदिक फार्माकोपियात राख, अर्क आणि बाह्य द्रव्य यांच्या मर्यादा दिल्या आहेत. बाह्य द्रव्य 2 टक्क्यांहून अधिक चालत नाही.

डीएनए बारकोड कच्च्या सालीची जात अचूक सांगतो. अरिष्टात मात्र साल उकळून, आंबवून गेलेली असते. डीएनएचे तुकडे झालेले असतात आणि तिथे रासायनिक ठशावरच भिस्त ठेवावी लागते. खरी तपासणी कारखान्याच्या दारातच, पोते उघडताना व्हायला हवी. बाटली भरल्यावर ती फार उशिरा होते.

साल खरी ठरली तरी ती निर्धोक आहे, हे वेगळे तपासावे लागते. वनौषधींत शिसे दशलक्षात 10, आर्सेनिक 3, पारा 1 व कॅडमियम 0.3 भागांपर्यंतच असावे, अशी भारतीय मर्यादा आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये जड धातू सापडले. पुढे 2006 पासून निव्वळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची चाचणी सक्तीची झाली.

कायदा. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 खाली भेसळयुक्त व बनावट आयुर्वेदिक औषधांवर कारवाई करता येते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. तक्रार करताना बाटली फेकू नये : वेष्टनावरचा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक यांवरूनच निरीक्षकाला मूळ मालापर्यंत पोहोचता येते.