काना वेगळा असतो जी

आज राजकारण नाही. आज कीबोर्डची गोष्ट. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गोंदियात कोर्टकचेरीच्या कामाचे अर्ज टाइप करून देणारे एक काका आहेत. तीस वर्षं टाइपरायटरवर काढली. मागच्या वर्षी मशीनचा रोलर गेला. सुटे भाग मिळत नाहीत. मुलाने कॉम्प्युटर घेऊन दिला, त्यासोबत आला तो पातळ, रबरासारखा दबणारा कीबोर्ड. काका म्हणाले, "भाऊ, याच्यात बटन दबलं का नाही थेच समजत नाही. बोटाले उत्तरच येत नाही." दिवसाला पंधरा अर्ज करणारा माणूस पाच-सहावर आला. धंदा तेवढाच आहे त्यांचा.

म्हणून ठरवलं, काकांसाठी एक कीबोर्ड हाताने बनवून घ्यायचा. मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटनाखाली वेगळी स्प्रिंग आणि वेगळा स्विच. बाहेरून खास बनवून आणायचा तर खर्च झेपणारा नव्हता. शेवटी डिप्लोमा झालेला, मोबाइल दुरुस्ती करणारा एक पोरगा तयार झाला.

आता थोडा इतिहास, कारण हे सगळं आधीही घडून गेलंय.

टाइपरायटर बनवणारा ख्रिस्तोफर शोल्स हा अमेरिकेतल्या मिलवॉकीचा, पेशाने छपाईवाला आणि संपादक. म्हणजे आमच्याच जातकुळीतला! 1868 मध्ये त्याने आणि साथीदारांनी पेटंट घेतलं. पहिल्या मशीनच्या पट्ट्या पियानोसारख्या होत्या. मग एकामागून एक नमुने बनत गेले. ते वापरून बघायला वॉशिंग्टनच्या जेम्स क्लेफन नावाच्या लघुलेखकाकडे जायचे. हा गडी मशीन अक्षरशः मोडेपर्यंत बडवायचा आणि चुकांची यादी पाठवायचा. शोल्स वैतागला होता म्हणतात. पण पैसे घालणारा डेन्समोर मागे हटला नाही. 1873 मध्ये बंदुका आणि शिलाई मशीन बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला आणि पुढच्या वर्षी मशीन बाजारात आलं. माझ्या मते त्या मशीनचा अर्धा बाप क्लेफन आहे.

ते मशीन इंग्रजीच्या 26 अक्षरांसाठी होतं. आपली बाराखडी, जोडाक्षरं त्यात बसवायची कशी? युक्ती जबरदस्त केली. ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष ही अक्षरं पूर्ण ठेवलीच नाहीत. बटनावर फक्त अर्धं अक्षर, आणि काना वेगळा. अर्धा श मारा, वर काना मारा, झाला श. काना नाही मारला तर तोच अर्धा श जोडाक्षराला कामी. काही मात्रांच्या बटनांनी गाडी पुढे सरकायचीच नाही, म्हणजे मात्रा अक्षराच्या वरखाली बसायची. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, रफार नंतर. टायपिंग क्लासात पहिले पंधरा दिवस आम्ही रडलो होतो. पण एकदा बोटात बसलं की मरेपर्यंत जात नाही.

1948 मध्ये आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली हिंदी टंकलेखन आणि लघुलेखनासाठी समिती बसली. 1955 मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. 2009 मध्ये उत्पादन बंद. मधल्या काळात कॉम्प्युटर आला आणि 1986 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट ठरवला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, ळ आणि ऱ्यासुद्धा व्यवस्थित. नव्याने शिकणाऱ्यासाठी तोच बरा, मी स्वतः तोच वापरतो. पण रेमिंग्टनवर हात बसलेल्याला पन्नाशीत सांगायचं की आता पुन्हा पहिलीत बस? लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मराठी 30 शब्द प्रतिमिनिट मागतात. तो वेग डोक्यात नसतो, बोटात असतो.

तर आमचा नमुना. 64 स्विच, प्रत्येकाला एक डायोड. आडव्या-उभ्या तारांची जाळी पोराने हाताने डाग देऊन बनवली. कोणती आडवी आणि कोणती उभी तार जुळली ते एक छोटा बोर्ड ओळखतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. रेमिंग्टनची मांडणी कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर सांभाळतं, त्यामुळे आम्हाला फक्त दाब आणि अक्षरं नीट हवी होती. स्विच 1,900, बोर्ड 500, कॅप आणि त्यावरची अक्षरं 700, तारा-डायोड वगैरे 200. पोराची मजुरी 1,000. एकूण 4,300. सागाची चौकट सुताराने उरलेल्या तुकड्यांतून फुकट करून दिली.

पहिल्याच दिवशी काकांनी नापास केला. ट्रॉफीवर नावं कोरणाऱ्याने बटनांवर पूर्ण ख, पूर्ण श कोरले होते. काका म्हणाले, "हे चुकलं जी. इथं अर्धा पाहिजे. काना वेगळा असतो." मी पत्रकार, पोरगा डिप्लोमावाला, दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. दुसरी चूक, स्प्रिंग हलक्या. काका टाइपरायटरच्या सवयीने बोटं जड टेकवतात, नको ती अक्षरं उमटायची. घट्ट स्विच मागवले, जुने पोराने ठेवून घेतले आणि वरचे 600 मी भरले.

आता महिना झाला. काका अकरा-बारा अर्जांवर आलेत. शेजारच्या दोघा अर्जवाल्यांनी किंमत विचारली. पोराला मी म्हटलं, आधी हा पक्का होऊ दे.

काल रात्री काकांचा फोन. "भाऊ, काना अडकून राह्यला." सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो ना. रविवारी उघडून बघणार आहोत.