शाँतक्लेर : हिवाळा, तुरा आणि कोंबडीच्या एका वाणाचा इतिहास

पाळीव पक्ष्यांच्या वाणांचा इतिहास बहुधा उत्पादनाच्या आकड्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या कोंबडीने वर्षाकाठी किती अंडी दिली, हे सांगितले की इतिहासकाराचे काम संपते. हवामानाचा उल्लेख प्रस्तावनेपुरता येतो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील ‘शाँतक्लेर’ या वाणापुढे ही पद्धत टिकत नाही. कारण या वाणाची निर्मितीच मुळी हिवाळ्यासाठी झाली.

माँट्रियलच्या पश्चिमेस, ओका येथे, ट्रॅपिस्ट भिक्षूंचा मठ १८८१ मध्ये स्थापन झाला आणि पुढे त्याच्याशी संलग्न अशी कृषिशाळाही उभी राहिली. तेथील ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांच्या ध्यानात १९०७ च्या सुमारास एक गोष्ट आली. कॅनडातील खुराड्यांतून वावरणाऱ्या कोंबड्यांचे वाण एकतर युरोपातून आलेले होते किंवा अमेरिकेतून. स्वदेशी म्हणावा असा एकही नव्हता. यातील तक्रार केवळ देशाभिमानाची नव्हती. पारा उणे वीस अंश सेल्सियसच्या खाली जाणे ही त्या मुलखात नवलाई नव्हे, आणि ज्या व्हाइट लेगहॉर्नची ख्याती पुढे महाराष्ट्रातही पोहोचली, ती भूमध्यसागराच्या उबदार काठची कोंबडी. तिचा मोठा एकेरी तुरा त्या थंडीत टिकत नसे.

या तुऱ्याचे कार्य येथे नीट समजून घेतले पाहिजे. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते आणि पिसांच्या आवरणाखाली ते बऱ्यापैकी राखले जाते. पायांत खाली जाणाऱ्या उष्ण रक्ताची ऊब वर परतणाऱ्या थंड रक्ताला मिळते, त्यामुळे तेथेही उष्णतेचा ऱ्हास मर्यादित राहतो. उघडा राहतो तो तुरा, आणि चोचीखाली लोंबणाऱ्या मांसल पाळ्या. उन्हाळ्यात रक्तातील जादा उष्णता बाहेर टाकण्याचे साधन म्हणून त्यांचा उपयोग होतो. हिवाळ्यात तेच साधन उलटते. पाणी पिताना पाळ्या भिजतात आणि गोठतात. खुराडे कडेकोट बंद केले तर आतील दमट हवेने हिमदंश अधिकच बळावतो. शिवाय हिमदंश झालेल्या नराची प्रजननक्षमता घटते, म्हणजे एका रात्रीची थंडी वसंतातील पिलांची संख्या ठरवू शकते.

शातलँ यांनी १९०८ पासून जे संकर केले, त्यांचा रोख या दृष्टीने वाचला की उलगडतो. प्रथम डार्क कॉर्निश नर आणि व्हाइट लेगहॉर्न मादी, तसेच ऱ्होड आयलंड रेड नर आणि व्हाइट वायनडॉट मादी अशा दोन जोड्या. मग पहिल्या जोडीच्या तलंगा दुसऱ्या जोडीच्या नरांना. आणि पुढे त्यांत व्हाइट प्लिमथ रॉकचे रक्त. लेगहॉर्नकडून अंडी घ्यावयाची, पण तिचा तुरा मात्र घ्यावयाचा नाही, असा हा व्यवहार होता. बसक्या तुऱ्याचे बीज कॉर्निश आणि वायनडॉट यांच्याकडे होते. बेटसन आणि पनेट यांनी कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच मेंडेलच्या नियमांचा पडताळा घेतला तो काळही हाच होय. अशा तुऱ्यालाही किंमत मोजावी लागते. वायनडॉटच्या ‘गुलाब’ तुऱ्याचे जनुक दोन्ही पालकांकडून आलेल्या नरांची फलनक्षमता उणी का असते, याचा जनुकीय उलगडा २०१२ मध्ये झाला.

वाण १९१८ मध्ये लोकांपुढे आला आणि १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने त्यास मान्यता दिली. पांढरा, भरगच्च पिसांचा, उशीसारख्या चपट्या तुऱ्याचा हा पक्षी हिवाळ्यातही अंडी देई. पुढे अल्बर्टा प्रांतात विल्किन्सन यांनी स्वतंत्रपणे तित्तिरवर्णी वाण सिद्ध केला. त्यास ‘अल्बर्टन’ म्हणावे अशी त्यांची इच्छा होती. १९३५ मध्ये तो मान्य झाला तो मात्र शाँतक्लेरचाच प्रकार म्हणून.

नावाची कथाही पाहण्याजोगी आहे. ‘गाणे’ आणि ‘स्वच्छ’ या अर्थांच्या दोन फ्रेंच शब्दांपासून बनलेले हे नाव बाराव्या शतकातील कोल्ह्याच्या कथाचक्रातील कोंबड्याचे. त्याच कथांतील कोल्ह्याचे विशेषनाम ‘रनार’ फ्रेंचमध्ये कोल्ह्याचे सामान्यनाम झाले आणि जुना शब्द मागे पडला. कोंबड्याच्या नावाला ते भाग्य लाभले नाही. चॉसरच्या कथेत या कोंबड्याचे सारे वैभव त्याच्या लालबुंद, दातेरी तुऱ्यात आहे. ज्या वाणात तो तुरा जवळजवळ पुसून टाकला, त्यासच हे नाव मिळावे ही गंमत खरी. रोस्ताँच्या १९१० मधील नाटकातल्या शाँतक्लेरला वाटते की आपल्या बांगेने सूर्य उगवतो. कोंबडीचे अंडे घालणे मात्र दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते, आणि हिवाळ्यातील तूट केवळ थंडीमुळे येत नाही.

वाणाच्या ऱ्हासाचे कारण बहुधा येथेच शोधावे लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कुक्कुटव्यवसायाने ऊब आणि विजेचा प्रकाश इमारतीत आणला. थंडीचा प्रश्न शातलँ यांनी पक्ष्याच्या शरीरात सोडवला होता. तो आता भिंतींनी सोडवला आणि लेगहॉर्नचा तुरा पुन्हा निर्धोक झाला. ओकाची कृषिसंस्था १९६२ मध्ये बंद झाली. सस्कॅचेवान विद्यापीठातील शेवटचा ज्ञात कोंबडा १९७९ मध्ये मेला, तेव्हा वाण नामशेष झाला असे मानले गेले. पण ते संस्थांच्या नोंदवह्यांपुरतेच खरे होते. पुढे लहान शेतकऱ्यांकडे, बिनऊबेच्या खुराड्यांतून, हे पक्षी सापडले. १९९९ मध्ये क्वेबेकच्या विधिमंडळाने कॅनेडियन घोडा व कॅनेडियन गाय यांच्या बरोबरीने या कोंबडीस प्रांताच्या कृषिवारशात स्थान देणारा कायदा केला. ओकाचे भिक्षू मात्र २००९ मध्ये तो मठ सोडून सँ-जाँ-द-माथा येथे गेले.